खापरपणजोबांचं नाव बाजूला ठेवा, त्यांचं शेत शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पणजोबांचा जन्म १८९० च्या आसपासचा, त्यांच्या वडिलांचं नाव रामजी, गाव सातारा जिल्ह्यातलं. सातबारा आणि फेरफार काढत काढत तुम्ही पणजोबांपर्यंत पोचलात, पण रामजी कुठल्याच कागदावर नाहीत. घरात सांगतात की घराणं मूळचं खाली कोकणातलं, आणि रामजींचा एक भाऊ 'बोटीने गेला' तो परत आला नाही. तीन वर्षं शोधून हाती काही नाही, तर आता काय करावं?

मोडी वाचून घराण्यांचे जुने कागद लावून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ जणांची गाडी याच ठिकाणी अडलेली असते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तुम्ही माणसाचं नाव शोधताय. एकोणिसाव्या शतकातल्या आपल्याकडच्या सरकारला माणसात रस नव्हता, शेतसाऱ्यात होता. इंग्लंड-अमेरिकेतली मंडळी जनगणनेच्या याद्या उघडून अख्खं कुटुंब नावा-वयासकट वाचतात. ते पाहून आपले लोक विचारतात की १८८१ च्या खानेसुमारीत आजोबा कुठे मिळतील. कुठेच मिळणार नाहीत. आपल्याकडे पहिली खानेसुमारी १८७२ ची आणि सगळीकडे एकाच वेळी झालेली पहिली १८८१ ची. पण छापले गेले ते फक्त आकडे. घरोघरी भरलेले कागद जपले गेले नाहीत. वसई, साष्टी किंवा गोव्यातल्या ख्रिस्ती घराण्यांना चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आहेत. बाकीच्यांना ती सोय नाही. तेव्हा प्रश्न असा विचारायचा, की रामजींचा सरकारशी, सावकाराशी किंवा देवाशी पैशाचा संबंध कुठे आला असेल? तिथे कागद झालेला असतो.

आता रामजी का दिसत नाहीत याचं माझ्या मते सर्वात संभाव्य कारण सांगतो. ते थोरले नव्हते. एकत्र कुटुंबात जमिनीचं खातं कर्त्याच्या नावावर असे. चार भाऊ एकाच शेतात राबत असले तरी सरकारी कागदावर एकच नाव. पुढच्या काळात निदान नावामागे 'ए.कु.क.' म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता असं लिहू लागले, त्यावरून मागे भाऊबंद आहेत एवढं तरी कळतं. १८६० किंवा १८८० च्या कागदावर तेही नसतं. तुम्ही 'रामजी' म्हणून पानं उलटता, आणि रामजी त्याच पानावर थोरल्या भावाच्या नावाआड उभे असतात. मग तुम्ही पुढच्या गावाला जाता.

म्हणून नाव सोडा आणि शेत धरा. माणसं मरतात, नावं बदलतात, आडनावं तर फारच बदलतात. सर्व्हे नंबर मात्र शंभर वर्षं टिकतो. इंदापुरात १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जी मोजणीची पद्धत बसवली, ती पुढे मुंबई इलाखाभर गेली. १८४८ मध्ये सातारचं राज्य खालसा झाल्यावर तुमच्याकडेही तीच आली. प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक नंबरावर आकार, म्हणजे ठरवलेला सारा, आणि तो भरणारा खातेदार. दर साधारण तीस वर्षांसाठी ठरलेला असे आणि मुदत संपली की फेरजमाबंदी होई, म्हणजे पुन्हा मोजून सारा नव्याने ठरे. याचा अर्थ एकोणिसाव्या शतकातच एका शेताचे दोन फोटो तुम्हाला मिळू शकतात, पहिल्या मोजणीचा आणि फेरमोजणीचा. दोन्हीकडे त्याच नंबरावर कोण आहे ते पाहायचं.

मागे जाताना एक खड्डा लागतो. तुमच्या आजच्या उताऱ्यावर बहुधा गट नंबर आहे. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर गावोगावी एकत्रीकरण योजना झाली आणि सर्व्हे नंबरांचे गट झाले. तेव्हा आधी एकत्रीकरणाचा उतारा काढून कोणता जुना सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला ते लिहून घ्या. हे न करता जुन्या कागदात गट नंबर शोधणारे लोक मी पाहिलेत, आणि ते वैतागून घरी जातात. जुना नंबर हातात आला की तहसीलच्या अभिलेख कक्षातून हस्तलिखित सातबारा घ्या. खातेदाराच्या नावाशेजारी वर्तुळात किंवा कंसात जो आकडा असतो तो फेरफार नंबर. एक फेरफार मागचा नंबर सांगतो, तो त्याच्या मागचा. असं उतरत हक्काच्या पत्रकाच्या पहिल्या नोंदींपर्यंत जायचं. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, पण गावात वही प्रत्यक्ष सुरू झाली ती पुढच्या काही वर्षांत, कुठे लवकर तर कुठे उशिरा. त्या पहिल्या नोंदींत 'वडिलोपार्जित', 'वाटणीने', 'चुलत्याकडून' असे शब्द असतात. तो एक शब्द सोडू नका. 'चुलत्याकडून' दिसलं तर समजायचं की खातं थोरल्याचं होतं आणि रामजी धाकटे.

त्याच्या मागचा टप्पा तहसीलमध्ये नाही, भूमी अभिलेख कार्यालयात आहे. तिथे शेतवार पत्रक, कडईपत्रक, फाळणी, टिपण अशी मोजणीच्या जुन्या कागदांची नावं घेऊन मागा. नुसतं 'जुनं रेकॉर्ड द्या' म्हणालात तर 'जुनं रेकॉर्ड नाही' हेच उत्तर मिळेल, आणि देणाऱ्याचीही त्यात फारशी चूक नसते. कागदाचं नाव, गावाचं नाव, सर्व्हे नंबर आणि कोणत्या मोजणीचं हे लिहून दिलं तर कागदांचा बस्ता निघतो. काही जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार आता महाभूमीच्या 'आपले अभिलेख'वर स्कॅन करून ठेवलेत, तिथे आधी पाहून घ्या म्हणजे एक हेलपाटा वाचेल.

जमिनीनंतर कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. गावातल्या जन्ममृत्यूंची नोंद. काही गावांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतली पानं अजून शिल्लक आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा अनेक जिल्हा प्रशासनांनी ही पानं शोधून, स्कॅन करून आपल्या संकेतस्थळांवर टाकली. तुमची जात कोणतीही असो, ती पानं तुमच्याही कामाची आहेत, कारण एका पानावर अख्खं गाव असतं. मात्र पणजोबांच्या जन्माची नोंद शोधताना त्यांचं नाव शोधू नका. मूल जन्मलं तेव्हा त्याचं बारसं कुठे झालेलं असतं? नोंद असते ती बापाच्या नावाने आणि पुढे नुसतं 'मुलगा'. तुम्ही तीन वर्षांत ही नोंद पाहून पुढे गेला असाल तर मला नवल वाटणार नाही.

मृत्यूच्या नोंदीसाठी एक युक्ती सांगतो, जी मला एका घरातल्या आजींनी नकळत शिकवली. घराण्याला सनं आठवत नाहीत, पण श्राद्धाची तिथी आठवते. रामजींचं वर्षश्राद्ध कोणत्या महिन्यात आणि कोणत्या तिथीला होत असे, हे घरातल्या सर्वात वयस्कर बाईला विचारा. ती तिथी हातात घेऊन कोतवाल बुकात बसायचं. त्या नावाचा मृत्यू ज्या ज्या तारखेला दिसेल, ती तारीख जुन्या जंत्रीत, म्हणजे तारखा आणि तिथ्या शेजारी-शेजारी दिलेल्या पुस्तकात, तपासायची. महिना आणि तिथी जुळली तर माणूस तोच. एक-दोन दिवसांचा फरक धरून चाला, कारण नोंद कधीकधी कळवल्याच्या दिवसाची असते. नुसती पितृपक्षातली तिथी मिळाली तर महिना कळत नाही, पण तीही चालते. बारा महिने तपासावे लागतील इतकंच. दोन तिथ्यांवर मात्र भिस्त ठेवू नका. सर्वपित्री अमावास्या म्हणजे बहुतेक वेळा तिथी विसरली गेलेली असते. आणि बाईची तिथी 'नवमी' सांगितली तर ती अविधवा नवमी; ती फक्त एवढंच सांगते की नवऱ्याच्या आधी गेली. तेही कमी नाही म्हणा. नवऱ्याच्या नोंदीच्या मागे शोधायचं, पुढे नाही, हे त्यातून ठरतं.

श्राद्धाचाच दुसरा उपयोग असा, की त्यात पिता, पितामह, प्रपितामह अशी तीन पिढ्यांची नावं उच्चारली जातात. जुन्या पोथ्यांमध्ये, देव्हाऱ्याच्या खणात अशा नावांच्या चिठ्ठ्या सापडतात. पणजोबांनी स्वतः श्राद्ध केलं असेल आणि त्यांची चिठ्ठी मिळाली, तर रामजींच्या वडिलांचं आणि आजोबांचं नाव त्यात आहे. सरकारी दारं ठोठावण्याआधी घरातला माळा उतरवा.

आता नावाबद्दल. त्या काळच्या कागदात 'रामजी बिन सखोजी' असं असतं. बिन म्हणजे मुलगा. कुठे 'वलद' दिसेल, अर्थ तोच. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. हा 'कोम' फार मोलाचा शब्द आहे. नवरा मेला, मुलगा अज्ञान म्हणजे वयाने लहान, की खात्यावर 'भागीरथी कोम रामजी' येते. पुरुष शोधणारे लोक बाईचं नाव दिसलं की पान उलटतात, आणि नेमका तिथेच धागा तुटतो. पणजोबा लहान असताना रामजी गेले असतील, तर तुम्हाला रामजी नव्हे, त्यांची बायको सापडेल, किंवा पणजोबांच्या नावामागे 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून कुणा चुलत्याचं नाव असेल. दत्तक गेलेला मुलगा हा दुसरा चकवा. त्याच्या बापाचं नावच बदलतं. एका कागदावर तो एका घरचा, दहा वर्षांनी दुसऱ्या घरचा.

आडनावावर तर विसंबूच नका. पुष्कळ घरांचं आडनाव शाळेत नाव घालताना मास्तरांनी जे लिहिलं ते पक्कं झालं. त्याआधी माणूस गावाच्या, हुद्द्याच्या, धंद्याच्या नावाने ओळखला जाई. माझ्याकडच्या एका कामात दीड वर्ष आडनावामागे गेलं. शेतवार पत्रकात त्यांच्याच नंबरावर एक 'मुकादम' होता आणि घरचे शपथेवर सांगत होते की तो परका, जमीन आम्ही नंतर घेतली. शेवटी एक गहाणखत मिळालं, त्यात पूर्ण नाव होतं. मुकादम म्हणजे त्यांचाच पूर्वज, गावकीच्या कामामुळे तसा लिहिलेला. त्या गहाणखताने आणखी दोन पिढ्या दिल्या.

त्यावरून आठवलं, दस्तांकडे कुणी वळत नाही. १८६० च्या दशकापासून दस्तनोंदणीचे कायदे आले, आणि तुमच्या भागात त्याहून महत्त्वाचा १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सावकारांविरुद्ध दंगे उसळले; लोकांनी कर्जरोखेच जाळले. आपल्या दृष्टीने वाईट झालं, त्या आगीत कित्येकांचे पूर्वज गेले. पण त्यानंतरच्या कायद्याने शेतकऱ्याच्या दस्ताची नोंद गावनोंदणीदारापुढे करायला लावली, म्हणून १८८० नंतरची गहाणखतं आणि खरेदीखतं जास्त नीट मिळतात. 'लिहून देणार' याच्यापुढे बापाचं नाव, जात, धंदा, वय, राहणार कुठला, हे सगळं असतं, आणि भाऊ एकत्र असतील तर सगळ्यांच्या निशाण्या खाली असतात. खात्यावर एकटा थोरला, पण गहाणखतावर चौघे, कारण सावकार शहाणा होता. धाकट्या रामजींना गाठायची ही सर्वात चांगली जागा. वयावर मात्र जाऊ नका. त्या कागदांत बहुतेक सगळे ४०, ४५ किंवा ५० वर्षांचे असतात.

तुमच्या घरात पाटीलकी, जोशीपण, गुरवकी, महारकी असं कसलंही वतन असेल तर वरचं बरंचसं विसरा आणि आधी ते पाहा. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने इनामदारांकडे पुरावे मागितले. लोकांनी कैफियती, म्हणजे आपल्या हक्काची हकीकत, लिहून दिल्या, सोबत वंशावळी जोडल्या, आणि त्या वंशावळी १८५० च्याही शंभर वर्षं मागे जातात. १८७४ च्या वतन कायद्याखाली हिस्सेदारांच्या नोंदी झाल्या. १९५८ आणि १९६२ मध्ये वतनं बरखास्त करणारे कायदे आले, त्या चौकशांतही जुने कागद पुन्हा जोडलेले सापडतात. वतनाच्या कागदात धाकटा भाऊ गळत नाही, कारण हिस्सा त्याचाही असतो. यातलं पुष्कळसं पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे पेशवे दफ्तरात, रुमालांत बांधलेलं आहे. इथल्या वंशावळी वाचताना एक ध्यानात ठेवा, त्या हक्क सांगण्यासाठी लिहिलेल्या आहेत. हक्काच्या आड येणारा भाऊ 'निपुत्रिक' लिहिला गेला असेल तर तो खरोखर तसा होता असं धरू नका.

हे सगळं मोडीत आहे. शिकून घ्या, दोन-तीन महिन्यांत नावं वाचण्याइतकी येते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत, मौजेचं 'मौ॥' आणि राजश्रीचं 'रा॥' झालेलं असतं. पूर्ण मजकूर दुसऱ्याकडून वाचून घेतला तरी नावं स्वतः पडताळता आली पाहिजेत. सनांचंही तसंच. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा, पौषानंतरच्या तारखांना बहुधा ७९. दख्खनी फसलीत, म्हणजे महसुली सनात, ५९०, म्हणून फसली १२९० म्हणजे १८८०-८१. इनामाच्या कागदात सुहूर सन येईल, तोही अरबी शब्दांत: 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की १७६०-६१, पानिपतचं साल. फसली आणि सुहूर दोन्ही पावसाळ्याच्या तोंडाशी बदलतात, जानेवारीत नाही, तेव्हा वर्षाचा घोळ झाला की महिना पाहा.

कोकणाच्या गोष्टीकडे येतो. 'आम्ही मूळचे अमुकचे' हे देशावरच्या निम्म्या घरांत ऐकायला मिळतं. खोटं असेल असं नाही, पण कधीचं ते कुणी सांगत नाही. रामजी आले की रामजींच्या आधी दहा पिढ्यांपूर्वी कुणी आलं? याचा निकाल दोन ठिकाणी लागू शकतो. एक, नाशिक-त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी इथले तीर्थोपाध्ये. त्यांच्या नामावळ्यांत यजमानाने स्वतः सांगितलेलं गाव, वडील, भाऊ, मुलं अशी नोंद असते. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाल्यावर नाशिक मुंबई-कोकणच्या माणसाला आवाक्यात आलं, त्यामुळे पुढच्या काळातल्या नोंदी सापडण्याची आशा धरायला हरकत नाही. जाताना आडनाव, आजचं गाव आणि ऐकीव मूळ गाव अशी तिन्ही नावं घेऊन जा. जुन्या गावाच्या पानावर सापडलात तर कथा खरी. दक्षिणा मोकळ्या हाताने द्या, पान स्वतः वाचा आणि फोटो मागा. दुसरे म्हणजे हेळवी. सांगली-कोल्हापूर आणि पलीकडे कर्नाटकात घराण्यांची वंशावळ सांगत फिरणारे. तुमच्या भावकीत कुणाकडे ते येत असतील तर गाठा, पण ते सांगतील त्यातल्या शूर पुरुषांची संख्या अर्धी करून लिहा.

बोटीने गेलेला भाऊ ही मला तुमच्या पत्रातली सर्वात आशादायक ओळ वाटते. १८३४ पासून पुढच्या काळात सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर मॉरिशसला गेले. त्यात मुंबई बंदरातून गेलेले, रत्नागिरीकडचे मराठी लोक पुष्कळ होते. तिथे उतरलेल्या प्रत्येकाची नोंद झाली: नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, बोट. ते दप्तर मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहे. म्हणजे गावात राहिलेल्या भावाच्या बापाचं नाव सातारच्या कागदात नसेल, पण गेलेल्या भावाच्या बापाचं नाव समुद्रापलीकडे लिहिलेलं असू शकतं. जिल्हा 'रत्नागिरी' दिसला तर आजचा सिंधुदुर्गही त्यातच धरा, तो १९८१ मध्ये वेगळा झाला. आणि रायगड तेव्हा कुलाबा होता. गावाचं नाव इंग्रज कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलेलं असणार, तेव्हा मोठ्याने वाचून पाहा.

क्रम विचाराल तर मी आधी माळा आणि श्राद्धाची तिथी, मग एकत्रीकरणाचा उतारा, मग पहिला फेरफार असा जाईन. 'चुलत्याकडून' मिळालं तर त्या चुलत्याचं नाव धरून गहाणखतं; नाही मिळालं तर नाशिक. आणि आतापर्यंत ज्या वह्या पाहिल्यात त्यांची यादी काढा. त्यातल्या कोणत्या वहीत फक्त 'रामजी' शोधलं होतं तिथे खूण करा. त्या वह्या पुन्हा उघडाव्या लागणार आहेत, या वेळी सर्व्हे नंबर घेऊन.